पाटीवर मोसंबी

आमच्या वनस्पती उद्यानात उत्तरेकडच्या भिंतीलगत एक झाड आहे. त्याच्यापुढे पितळी पाटी आहे आणि पाटीवर ‘मोसंबी’ असं कोरलेलं आहे. ते झाड मोसंबीचं नाही. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण तोंडाने सांगायची वेळ आली तेव्हा मी माझ्या बुटांकडे बघत बसलो होतो.

त्या झाडापायी एका बाईला नापास केलं. साध्यासुध्या नाही, उद्यानाच्या रोपवाटिकेत सव्वीस वर्षं काम केलेल्या बाईला. कमरेच्या पट्ट्याला कायम छाटणीची कात्री लटकलेली, म्हणून सगळे त्यांना कात्रीबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि त्यांना त्याचा राग नव्हता. “नुसतं बाई म्हटलं तर दहाजणी वळून बघतात,” त्या सांगायच्या, “कात्रीबाई म्हटलं की मी एकटीच.”

मी तिथे कसा पोचलो ते आधी सांगतो. मी पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचो. चौतीस वर्षं जिन्याखाली वाकायचं, तबकडीवरचा आकडा बघायचा आणि वहीत उतरवायचा, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर घरातल्या कुंड्यांना पाणी घालायचं मी अंगावर घेतलं आणि चार महिन्यांत सात कुंड्या मेल्या. तेव्हा आमच्या हिने एक जाहिरात कापून माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवली. ‘प्रौढांसाठी वनस्पती व बागकाम प्रमाणपत्र वर्ग. दर रविवारी. वयाची अट नाही.’

“जा,” ती म्हणाली. “मारायचीच असतील तर लोकांची झाडं मारा. माझी पुरे झाली.”

वर्ग अवजारांच्या कोठारावरच्या खोलीत भरायचा. खताचा आणि रबरी बुटांचा वास जिन्यातूनच सुरू व्हायचा. खुर्च्यांना लिहायची फळी होती, आणि आमच्यातल्या पोट सुटलेल्यांना ती फळी खाली करता यायची नाही. आम्ही बावीस जण होतो. एक बसचालक, शस्त्रक्रिया विभागातली एक परिचारिका, एक शिंपीण, बाकी बरेच माझ्यासारखे निवृत्त. पहिला तास अभ्यासक्रमाचे प्रमुख घ्यायचे. डॉक्टरेट मिळवलेले, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. भिंतीवर चित्रं पडायची आणि चित्राखाली लिहिलेलं ते वाचून दाखवायचे. दुसरा तास खाली कलमघरात. वेळापत्रकावर लिहिलेलं असायचं, ‘प्रात्यक्षिक: प्रमुख’. पण आम्ही खाली उतरलो की प्रमुख कार्यालयात चहाला जायचे आणि शिकवायच्या कात्रीबाई.

यात चमत्कारिक गोष्ट अशी की हजेरीपटावर कात्रीबाईंचं नाव विद्यार्थी म्हणून होतं. क्रमांक बावीस. पहिल्या तासाला त्या शेवटच्या खुर्चीवर बसून आमच्यासारख्याच वहीत उतरवून घ्यायच्या. दुसऱ्या तासाला आम्हाला शिकवायच्या आणि मग विद्यार्थी म्हणून प्रात्यक्षिकाच्या हजेरीवर सही करायच्या.

शिकवणं त्यांचंच खरं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला झाडाला हातच लावू दिला नाही. “आधी कात्र्या धुवा,” म्हणाल्या. स्पिरिटची बाटली आणि फडकं पुढे ठेवलं.

“बाई, नवीकोरी आहे हो, आत्ताच पुड्यातून काढली,” बसचालक म्हणाला.

“कारखान्यातल्या माणसाने नाक पुसलेला हात लावला असेल. धुवा.”

परिचारिका हसली. “आमच्याकडे हेच सांगून सांगून माझा घसा बसतो, आणि तेही डॉक्टर लोकांना सांगून!”

मग डोळा भरणं. खुंट म्हणजे खालचं झाड, दणकट मुळांचं. त्याच्या सालीत छोटा काप घ्यायचा आणि आपल्याला हव्या त्या जातीच्या फांदीवरचा एक डोळा अलगद सोलून त्या कापात बसवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. डोळ्याबरोबर पानाचं एवढंसं देठ ठेवायचं. तीन आठवड्यांनी ते देठ बोटाने ढकलायचं. सहज गळून पडलं तर डोळा लागला. चिकटून वाळलं असेल तर गेला. “झाड तुम्हाला खोटं सांगत नाही,” त्या म्हणायच्या, “फक्त विचारायची पद्धत पाहिजे.” माझ्या तीन डोळ्यांतला एक लागला. शिंपिणीचे तिन्ही लागले. बाई तिला म्हणाल्या, “तू इतकी वर्षं कापडावर वाया घालवलीस गं.”

आता सव्वीस वर्षं हे काम करणारी बाई विद्यार्थी का झाली? तर वरून परिपत्रक आलं होतं. नव्या वर्षापासून कलमघरात फक्त प्रमाणपत्रधारकांनी काम करायचं आणि रविवारचं प्रात्यक्षिकही त्यांनीच घ्यायचं. बाकीच्यांनी झाडलोट आणि पाणी. म्हणजे ज्या कलमघरातली एकूण एक पट्टी बाईंनी गुंडाळलेली होती, तिथे पाय ठेवायलाही त्यांना आता कागद लागणार होता. दुसरी कुठलीही बाई चिडली असती. या म्हणाल्या, “शिकायला काय जातंय? शेवाळं मला कधी नीट कळलीच नाहीत. तेवढीच कळतील.”

आणि अभ्यास केला हो त्यांनी. मी एकदा त्यांच्या घरी वही द्यायला गेलो होतो. दोन खोल्या, खिडकीत डब्यांतून रोपं. स्वयंपाकघरातल्या फळीवर प्रत्येक डब्याला झाडाचं शास्त्रीय नाव आणि कुळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती, येताजाता पाठ व्हावं म्हणून. त्यांचे यजमान, गिरणीतून निवृत्त झालेले, चहाला उठले आणि फळीसमोर उभे राहिले.

“अगं, साखर कुठल्या कुळातली ते सांग,” ते म्हणाले, “म्हणजे डबा सापडेल.”

“गवताच्या,” बाई आतून ओरडल्या.

“सापडली!” आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “मीटरकाका, काल मी चहात मीठ घातलं. तेही हिने कुठल्या तरी कुळात घातलेलं होतं.”

मुलगी औषधांच्या दुकानात कामाला. ती रात्रीचं जेवण झालं की आईला प्रश्न विचारायची आणि चुकलं तर आईच्याच सुरात म्हणायची, “आधी कात्री धुवा!”

आता ते झाड. बारा वर्षांपूर्वी बाईंनीच त्याच्यावर मोसंबीचा डोळा भरला होता. खुंट जंबेरीचा. जंबेरी म्हणजे जाड, खडबडीत सालीचं आंबट रानटी लिंबू. फळ कुणी खात नाही, पण मुळं चिवट. ते झाड चांगलं वाढलं, गोड मोसंबी द्यायला लागलं. मग पाच वर्षांपूर्वी या वर्गाची पहिली तुकडी सुरू व्हायची होती, तेव्हा उद्घाटनासाठी उद्यान सजवायचं ठरलं. प्रमुखांच्या मनात आलं की भिंतीलगतच्या झाडांच्या बुंध्यांशी मातीचे गोल उंचवटे करावेत, भोवती पांढरे दगड लावावेत. ठेकेदाराने गुडघ्याएवढी माती ओतली. बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की कलमाचा जोड मातीखाली जाता कामा नये, जोड गाडला की वरचं झाड कुजतं. त्यांना सांगण्यात आलं की पाहुणे जोड बघायला येत नाहीत.

वरची मोसंबी एका पावसाळ्यात मेली. ठेकेदाराच्या माणसांनी वाळकं खोड मातीलगत कापलं, वर अजून थोडी माती सारली. खालच्या खुंटाला फूट आली, जोमाने वाढली, आणि तीन वर्षांत ती भिंतीच्या वर गेली. मोसंबी मेली आणि तिच्या जागी जंबेरी उभी राहिली. पाटी तीच. बाईंनी पर्यवेक्षकाला सांगितलं, “परवानगी द्या, मी पुन्हा डोळे भरते.” उत्तर मिळालं, “हिरवं आहे ना? पाटी लावलेल्या झाडांना हात लावायचा नाही.”

परीक्षेत वीस झाडं ओळखायची होती. प्रत्येक पाटीवर पांढऱ्या कापडाची पिशवी चढवून क्रमांकाची काठी रोवलेली. उत्तीर्ण व्हायला सोळा बरोबर हवीत. त्या पिशव्या सकाळी सातला बाईंनीच बांधल्या, कामगार म्हणून. दहा वाजता हात धुऊन विद्यार्थी म्हणून कागद घेऊन फिरल्या.

अकरा क्रमांकाला ते झाड होतं. मला पाट्या तोंडपाठ होत्या. कुठल्या वळणावर कुठली, भिंतीलगत डावीकडून तिसरी, सगळं. जन्मभर तेच तर केलं होतं. मी झाडाकडे बघितलं तरी का, आठवत नाही. ‘मोसंबी’ लिहिलं आणि पुढे सरकलो.

एकवीस जणांनी मोसंबी लिहिलं. बाईंनी लिहिलं, ‘जंबेरी. खुंट आहे. वरची मोसंबी मेली.’ उत्तरं तपासायची यादी झाडांच्या नोंदवहीवरून केलेली. नोंदवहीत मोसंबी. बाईंना पंधरा गुण पडले. मला अठरा.

मी त्यांना नळाजवळ गाठलं. “बाई, पिशवी तुम्हीच बांधलीत. पाटीवर काय आहे ते तुम्हाला माहीत होतं.”

“होतं की.”

“मग?”

“पाटीवर काय लिहिलंय असं विचारलं नव्हतं, काका. झाड कुठलं ते विचारलं होतं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “चार माझे खरंच चुकलेत. दोन शेवाळं, दोन नेचे. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पाचवा नाही चुकला.”

त्यांनी तक्रार अर्ज दिला. पुढच्या रविवारी प्रमुखांनी सगळ्या वर्गासमोरच विषय काढला. चालताचालता मिटवून टाकू, असा त्यांचा बेत दिसला. आम्ही सगळे झाडापाशी जमलो. बाईंनी एक पान तोडलं, चुरगळलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

“वास घ्या, साहेब.”

“मला सर्दी आहे,” प्रमुख म्हणाले.

बाईंनी ते पान आमच्यात फिरवलं. लिंबाचा वास. नाकात झोंबणारा, स्वच्छ लिंबाचा. कोवळ्या फुटीवर जांभळी झाक होती, ती मोसंबीला नसते. हे बाईंनीच आम्हाला तिसऱ्या रविवारी शिकवलं होतं आणि माझ्या वहीत माझ्या अक्षरात आहे.

“हा विषय नोंदीचा आहे,” प्रमुख म्हणाले. “एका व्यक्तीला काय वाटतं त्यावर उद्यानाची नोंद बदलत नाही. इथे एकवीस लोकांनी मोसंबी ओळखलं आहे. काय हो, तुमच्यापैकी कुणाला उत्तर बदलावंसं वाटतं?”

निकाल लागलेला होता. प्रमाणपत्रं छापायला गेली होती. बसचालक घसा खाकरून थांबला. परिचारिकेने मान खाली घातली. शिंपीण म्हणाली, “वास लिंबाचाच आहे,” पण इतक्या हळू की ते फक्त मला ऐकू आलं असावं. आणि मी बुटांकडे बघत होतो. हातात ते पान होतं. बोटांना वास होता.

बाईंनी आमच्याकडे एकदा नजर फिरवली. रागाने नाही, देठ गळतंय की चिकटलंय ते बघताना बघायच्या, तशी. मग भिंतीशी पडलेलं खुरपं घेऊन गुडघ्यांवर बसल्या आणि उंचवटा उकरायला लागल्या. पांढरे दगड बाजूला, माती बाजूला. प्रमुख “अहो, अहो, हे काय” करत राहिले. वीतभर खाली मोसंबीच्या खोडाचा कापलेला, कुजून काळा पडलेला बुंधा निघाला. त्याच्या खालून, जोडाच्या खालून, हिरव्यागार फांद्या वर गेलेल्या. लहान मुलालाही कळावं इतकं स्पष्ट.

“हा माझा डोळा,” बाई त्या काळ्या लाकडावर बोट ठेवून म्हणाल्या. “आणि ही तुमची माती.”

सोमवारी त्यांना पत्र मिळालं. उद्यानाच्या मालमत्तेची नासधूस, खुलासा द्यावा. माती त्याच दिवशी परत भरली. दगडही लावले, आणि चुना मारून.

मला अजून संताप येतो तो या पुढच्या गोष्टीचा. नासधूस म्हणणारा माणूस एक वेळ मूर्ख म्हणून सोडून देता येतो. पण प्रमुख मूर्ख नव्हते. त्यांना झाड कळलं होतं. दोन दिवसांनी त्यांनी बाईंना कार्यालयात बोलावून, दार लावून, खुर्ची देऊन सांगितलं की तुमच्याबद्दल मला आदर आहे, मार्ग काढू. एक अर्ज लिहा, की क्रमांक बघताना माझी गडबड झाली, मला अकरा क्रमांकाला मोसंबी असं लिहायचं होतं. सही करा. गुण वाढतो, सोळा होतात, पत्रही मागे घेतो. कलमघर तुमचंच. अर्ज टाईप करून तयारच होता.

म्हणजे झाड काय आहे ते दोघांनाही ठाऊक, आणि एकाने दुसऱ्याला सांगायचं की तुला ठाऊक नाही असं लिहून दे. मोसंबी मातीने मेली हे नोंदवहीत चढलं तर माती कुणी टाकायला लावली तेही चढेल, एवढ्यासाठी. आणि याला प्रौढ शिक्षण म्हणायचं!

बाई तो कागद घरी घेऊन आल्या. मी दुपारी मुद्दाम गेलो होतो. माफी मागायची होती, ती शेवटी राहिलीच. मुलगी कामावरून जेवायला आलेली होती आणि चिडलेली होती.

“आई, एक ओळ आहे. टाक ना सही. त्या माणसाला कळलंय, तुला कळलंय, झालं. कागदाला काय कळतंय?”

“कागदालाच तर सगळे विचारणार आहेत.”

“गुडघे बघ तुझे. दिवसभर पाण्याची नळी ओढशील? कलमघरात निदान स्टूल आहे.”

“आहे खरं,” बाई म्हणाल्या. त्यांनी कागद डब्यांच्या फळीवर ठेवला आणि भाजी चिरायला बसल्या. यजमानांनीच शेवटी तोंड उघडलं. “सही केलीस तर पुढच्या वर्गाला ते झाड काय म्हणून शिकवशील?”

बाईंची सुरी थांबली. “तेच बघतेय,” त्या म्हणाल्या. “कलमघर त्यासाठीच हवंय ना मला. आणि तिथे उभं राहून पहिल्याच दिवशी खोटं शिकवायचं.” मग मुलीला म्हणाल्या, “तुझ्या दुकानात बाटलीवर चुकीची चिठ्ठी असली तर तू देतेस का गं औषध?”

मुलगी उठली आणि आईच्या ताटात पोळी वाढली.

कागद सहीशिवायच परत गेला. पहिल्या तारखेपासून बाईंच्या हातात पाण्याची नळी आली. कात्री जमा करून घेतली. ती उद्यानाची मालमत्ता होती म्हणे. सव्वीस वर्षांत पट्ट्याचं चामडं त्या कात्रीच्या आकाराचं झालं होतं. पट्टा त्या तसाच बांधून यायच्या.

आणि मग कार्यालयातून मला दूरध्वनी आला. मला! कलमघराला प्रमाणपत्रधारक हवा होता. बसचालकाला रविवारी फेऱ्या, परिचारिकेला पाळ्या, शिंपिणीने सरळ नाही म्हणून सांगितलं. रिकामा आणि पहिल्या श्रेणीतला असा मी उरलो. तीन डोळ्यांत एक लागलेला माणूस. नव्या तुकडीला डोळा भरायला मी शिकवायचं होतं. मी नाही म्हणणार होतो. नाही म्हणायला मला नेहमी दोन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी हिने विचारलं, “तुम्ही नाही म्हटलंत तर त्या बाईंना परत घेतील का?”

“नाही.”

“मग जा तरी. तिथे जाऊन नाही म्हणा. इथे भिंतींना काय सांगताय?”

गेलो. अठरा नवे चेहरे, हातात नव्या वह्या. शिकवायला काही सुचेना, म्हणून त्यांना कलमघरात न नेता भिंतीलगत घेऊन गेलो. त्या झाडासमोर उभं केलं. प्रत्येकाला एक पान तोडायला सांगितलं. चुरगळा म्हटलं. वास घ्या म्हटलं.

पुढे उभी असलेली एक बाई, टपाल कार्यालयातली, पान नाकाशी धरून पाटीकडे बघत राहिली. “सर, याला लिंबाचा वास येतोय.”

“येतो.”

“मग पाटीवर मोसंबी कसं?”

पलीकडच्या वाफ्याला कात्रीबाई पाणी घालत होत्या. पाठमोऱ्या. पण नळीतलं पाणी एकाच जागी पडत होतं, त्यावरून त्या ऐकत आहेत हे मला कळलं.

“मला विचारू नका,” मी म्हणालो. “मी मोसंबी लिहून पास झालोय. जंबेरी लिहून ज्या नापास झाल्या, त्या तिकडे पाणी घालतायत. त्यांना विचारा.”

अठराजण एकदम वळले. बाईंनी नळ बंद केला. चिखलाचे हात पदराला पुसत आल्या, माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांचा हात सवयीने पट्ट्याकडे गेला, रिकामा परत आला. मी माझी कात्री पुढे केली. त्यांनी ती उघडली, पात्यावरून बोट फिरवलं, नाक मुरडलं.

“ही धुतली होतीत का काका?”

“नाही.”

“चार महिने काय शिकवलं मी तुम्हाला?” आणि नव्या लोकांकडे वळून म्हणाल्या, “सगळ्यांनी आधी कात्र्या धुऊन या. मग सांगते.”

दोन आठवड्यांनी माझी नेमणूक रद्द झाल्याचं पत्र आलं, दोन ओळींचं. प्रात्यक्षिकाचा तास सध्या बंद आहे. प्रमुख दोन्ही तास वर भिंतीवरची चित्रं वाचून दाखवतात. पण रविवारी अकरा वाजता त्या अठरांपैकी बाराजण पाण्याच्या टाकीमागे जमतात. तेव्हा बाईंची जेवणाची सुट्टी असते आणि सुट्टीत काय बोलायचं यावर अजून परिपत्रक नाही. मीही जातो. सरावाच्या काड्या शिंपीण घरून आणते.

झाडाला यंदा फळं धरली आहेत. खडबडीत, जाड सालीची. ती मी रोज जाऊन बघतो. पाटी गेल्या आठवड्यात पॉलिश केली.